पाव आटा

साठी उलटली की माणसाच्या तोंडी दोन शब्द वरचेवर येतात. एक ‘पूर्वी’ आणि दुसरा ‘दम’. पूर्वीच्या पोह्यांत दम होता, पूर्वीच्या नाटकांत दम होता, पूर्वीच्या पुढाऱ्यांच्या शिव्यांतसुद्धा दम होता. मी मात्र या वयात दम शोधायला निघालो तो गुडघ्यांत नव्हे, गाडीत. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी ‘आहे त्यात भागवा’ असं स्वच्छ सांगून टाकलं होतं. गाडीच्या डॉक्टरांपैकी मात्र एकानंही तसं सांगितलं नाही. तिथंच मी फसलो.

आमची गाडी २००७ सालची. डिझेलवर चालणारी, आणि मागच्या दारावर लाल अक्षरांत ‘टर्बो’ असं मिरवणारी. त्यातलं पहिलं अक्षर एका पावसाळ्यात गळून पडलं, तेव्हापासून ती नुसती ‘उर्बो’ आहे. सांधेदुखीवरच्या एखाद्या मलमाचं नाव असावं तसं ते वाटतं. कंपनीचं नाव मी सांगणार नाही, कारण पुढं जे रामायण घडलं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता. दोष होता तो माझा आणि अर्ध्या आट्याचा.

गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा चिरंजीव पुण्याहून फोनवर म्हणाले, “बाबा, आता भंगारात द्या.” मुलानं बापाशी बोलताना ‘भंगार’ हा शब्द काढला, की तो गाडीबद्दलच आहे याची खात्री कोणत्या बापाला वाटेल? मी तिरीमिरीत आरटीओत गेलो, पर्यावरण कर भरला, तपासणी करून घेतली आणि गाडीला आणखी पाच वर्षांचं आयुष्य लिहून आणलं. माणसांसाठी अशी सोय अजून निघालेली नाही.

गेल्या वर्षी साताऱ्याला भाचीचं लग्न निघालं. खंडाळ्याच्या चढावर गाडी कुरकुरली. मी “एसीमुळे होतं असं” म्हणून एसी बंद केला. खंबाटकीला मात्र तिनं हात टेकले. साताऱ्याकडं जाताना तेव्हा हा घाट चढावाच लागायचा. बोगदा होता तो परत येणाऱ्यांसाठी. (आयुष्यातल्या सोयीही बहुधा परतीच्या वाटेवरच मिळतात.) तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात आलो, दुसऱ्यातून पहिल्यात. पाय इतका दाबला की खालची चटई दुमडली. मागून एक एसटी आली आणि डौलात पुढं निघून गेली. जाता जाता कंडक्टरनं खिडकीतून ज्या नजरेनं पाहिलं ती नजर माझ्या ओळखीची आहे. अंत्ययात्रेला वाट करून देताना आपण तसंच बघतो.

तेवढ्यात मागच्या सीटवरून हिचा आवाज आला, “अहो, मी जरा उतरून चालू का?”

हा टोमणा होता की मदत, याचा निवाडा अडतीस वर्षांच्या संसारानंतरही मला करता आलेला नाही.

परत आल्यावर मी घणसोलीतल्या आमच्या सोसायटीत तोंड उघडण्याची चूक केली. आमच्याकडं गाडीबद्दल सल्ला द्यायला स्वतःची गाडी असावी लागत नाही. एकानं फिल्टर बदलायला सांगितलं. दुसऱ्यानं डिझेलमध्ये घालायची एक बाटली सुचवली. तिच्यावरची आश्वासनं वाचून मला ती स्वतःच प्यावीशी वाटली. तळमजल्यावरच्या निवृत्त बँकवाल्यांनी घसाऱ्याचं कोष्टक मांडून आमच्या गाडीची किंमत आज उणे आहे असं सिद्ध केलं. आणि एका मित्राचा इंजिनिअर मुलगा म्हणाला, “काका, लॅपटॉप लावून रिमॅप करून टाका.” नव्या डिझेल गाड्यांत किती तेल कधी उडवायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. त्याचे आकडे बदलले की झालं. पण आमच्या गाडीत विजेवर चालणारी सर्वांत हुशार वस्तू म्हणजे घड्याळ, आणि तेही दहा मिनिटं पुढं. तिचा पंप संपूर्ण यांत्रिक. त्याला पाना समजतो, लॅपटॉप समजत नाही. या बाबतीत त्याचं आणि माझं फार जमतं.

शेवटी हमरस्त्यावरचा एक मेकॅनिक गाठला. त्यानं बॉनेट उघडलं, इंजिनाकडं दूरच्या नातेवाइकाकडं पाहावं तसं पाहिलं आणि म्हणाला, “पिकअप पायजे ना साहेब? पंपाचा आटा वाढवू.”

या पंपाच्या पाठीमागं एक स्क्रू असतो. लॉकनट लावून घट्ट केलेला आणि वर सील ठोकलेला. तो आत फिरवला की प्रत्येक फवाऱ्यात डिझेल जास्त जातं. सील ठोकलेलं असतं ते कोणी हात लावू नये म्हणून. त्यानं ते सत्यनारायणाचा नारळ फोडावा इतक्या सहज फोडलं आणि स्क्रू अर्धा आटा आत फिरवला. मोजमाप काही नाही. स्वैपाकात मीठ घालताना आमची ही जेवढी काळजी घेते तेवढीही नाही.

“बघा आता साहेब, रॉकेट!”

आणि खरोखरच रॉकेट. दोन दिवस मी हवेत होतो. सिग्नल सुटला की मोटरसायकलवाल्या पोरांच्या आधी मी पुढं. उगीचच पेट्रोलपंपापर्यंत जाऊन यायचो. हिनं कोथिंबीर आणायला सांगितली तर वाशीच्या मार्केटला जायची तयारी. तिसऱ्या दिवशी सकाळी घणसोलीच्या सिग्नलला असाच पाय दाबला, गाडी उसळली आणि सहज आरशात पाहिलं, तर मागचा रस्ता नाहीसा झाला होता. सगळा काळाकुट्ट धूर. बंब पेटवताना ओली लाकडं घातली की यायचा तसा, पण दसपट.

धूर विरला तसा त्यातून एक मुलगा बाहेर आला. सायकलवर होता. शाळेचा गणवेश, पाठीवर दप्तर. आता हा शिवी देणार म्हणून मी काच वर केली. त्यानं शिवी दिली नाही. नुसती शर्टाची कॉलर नाकावर ओढली आणि मान खाली घालून पॅडल मारत राहिला. जसं काही हे रोजचंच आहे.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं. कॉलरला काय उत्तर देणार?

कारण ती कॉलर माझी होती. १९८४ साली मी याच ठाणे-बेलापूर रस्त्यावरून स्कूटरनं कारखान्यात जायचो. एमआयडीसीचा सगळा पट्टा. पुढं टँकर, मागं टँकर, मध्ये मी. घरी येऊन तोंड पुसलं की रुमाल काळा व्हायचा. “या लोकांना लाज कशी वाटत नाही?” असं मी रोज हेल्मेटच्या आतल्या आत ओरडत असे. चाळीसेक वर्षांनी मला त्याचं उत्तर मिळालं. लाज वाटते. पण त्यासाठी आरशात बघावं लागतं, आणि पुढं पळणारा माणूस सहसा आरशात बघत नाही.

त्याच आठवड्यात पीयूसी संपत होतं. डिझेलच्या गाडीचं पीयूसी म्हणजे धुराची तोंडी परीक्षा. मागच्या नळीत एक दांडा खुपसतात, गाडी पुन्हापुन्हा पूर्ण रेस करतात आणि धूर किती दाट आहे ते यंत्र सांगतं. आमच्या गाडीच्या पिढीला पास व्हायला आकडा २.४५ च्या आत हवा. आमचा आला ४.१. शाळेत गणितात मला इतके कधी मिळाले नव्हते.

तिथल्या माणसानं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, “काका, वरचे थोडे द्या. यंत्राला काय, आपण सांगू ते छापतं.”

खोटं बोलणार नाही. मी पूर्ण एक मिनिट विचार केला. खिशातल्या पाकिटापर्यंत हातही गेला. एवढं रॉकेट हातातून सोडवत नव्हतं. मग ती कॉलर डोळ्यांपुढं आली. पाकिटातून मी चष्म्याचा रुमाल काढला, उगीचच चष्मा पुसला आणि घरी आलो.

सुशिक्षित माणसाला लाज वाटली की तो वाचायला लागतो. मी दोन रात्री डिझेल वाचत बसलो. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते तशी इथं पडत नाही. नुसती हवा वीस-बावीस पट दाबायची, तेवढ्यानं ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि अशा हवेत डिझेलचा फवारा उडाला की तो आपोआप पेटतो. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्या रुडॉल्फ डिझेलनं १८९२ साली पेटंट मागितलं आणि १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्गला त्याचं इंजिन धडपणे चाललं. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याच्या जातीचं एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. हे मी हिला वाचून दाखवलं, तेव्हा तिनं मुकाट्यानं उठून तेलाचा डबा वरच्या फळीवर ठेवला. १९१३ साली बोटीनं इंग्लंडला जाताना हा डिझेल रात्रीतून नाहीसा झाला. त्यालाही कुणी तरी सोसायटीत सल्ले दिले असावेत.

पण त्याचं इंजिन बरीच वर्षं रस्त्यावर येईना, कारण डिझेल आत फुंकायला एक अवजड कॉम्प्रेसर लागायचा. बॉशनं १९२७ सालापासून इंजेक्शनचा पंप कारखान्यात घाऊक बनवायला घेतला आणि मग डिझेल ट्रकमध्ये जाऊन बसलं. आपल्याकडं १९५१ साली बंगळुरात मायको निघाली. २००८ साली तिचंही नाव बॉश झालं. तिच्या नाशिकच्या कारखान्यात डिझेलची नोझल बनतात. मी आजवर नाशिकहून फक्त द्राक्षं आणि चिवडा आणत होतो.

इतकं ज्ञान झाल्यावर मी रिक्षावाल्यांना विचारलं की पंपातला खरा जाणकार कोण. तिघांनी एकच पत्ता दिला. “तळवलीला जा. नाना.”

तळवली हे घणसोली आणि रबाळे यांच्या मधलं गाव. रस्त्याच्या पलीकडं एमआयडीसीच्या चिमण्या, मागं पारसिकचा डोंगर, अलीकडं सिडकोच्या इमारती, आणि या सगळ्यांच्या मधोमध जुनं आगरी गावठाण. २००४ साली ठाणे-वाशी लोकल सुरू झाली तेव्हापासून लोक हा भाग खिडकीतून बघत जातात. गावठाणाच्या कडेला पत्र्याची शेड. आत शिरल्यावर मी चमकलो. गॅरेज म्हणजे काळं साम्राज्य अशी माझी समजूत. इथं फरशी पुसलेली, टेबलावर स्वच्छ फडकं, त्यावर पंपाचे भाग ओळीनं मांडलेले. देवघरातली भांडी घासून ठेवावीत तसे. मध्ये सत्तरीकडं झुकलेले नाना, नाकावर चष्मा आणि चष्म्यावर भिंग.

“चपला भायेर,” ते मान वर न करता म्हणाले.

मी मुकाट्यानं चपला काढल्या. गाडीसाठी मी आयुष्यात पहिल्यांदाच कुठं अनवाणी गेलो. पुढं कळलं त्यात सोवळं नव्हतं, हिशेब होता. पंपातला प्लंजर आणि तो ज्यात फिरतो ते घर यांच्यात फट असते काही मोजक्या मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. (माझ्या डोक्यावर उदाहरणापुरते अजून आहेत.) धुळीचा कण आत गेला की प्लंजर खरवडला म्हणून समजा. त्याला वंगण घालायला वेगळं तेल नसतं. जे डिझेल तो पुढं ढकलतो त्याच डिझेलनं तो स्वतः ओला राहतो. वाढता वाढता उभ्यानंच दोन घास खाणाऱ्या बायका आपण घरोघरी पाहतो, तसंच.

नानांनी बाहेर येऊन बॉनेट उघडायला लावलं. नानांच्या आगरीत गाडीची ‘गारी’ होते आणि ती ऐकायला गोड लागते. त्यांनी गारीकडं पाहिलं, पंपाकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं पाहिलं.

“सील कोनी तोरला?”

मी दहावीच्या निकालाच्या दिवशी वडिलांसमोर उभा होतो तसा उभा राहिलो.

“नाना, गाडी ओढत नव्हती म्हणून एकानं अर्धा आटा—”

“गारी ओरत नव्हती, का कोनी तिला ओरू देत नव्हता?” असं म्हणून त्यांनी पोऱ्याला रेस द्यायला सांगितली आणि इंजिनात कान घातला. मी नुसता गोंगाट ऐकत होतो. नाना त्यातली एक फुसफुस ऐकत होते. त्यांनी पंपाच्या टोपीपाशी हात घालून करंगळीएवढी एक रबरी नळी उपटून काढली आणि माझ्यापुढं धरून वाकवली. वाकवल्याबरोबर तिला नखाएवढी चीर दिसली.

“यो बगा तुमचा दम.”

मग नानांनी मला ती सगळी व्यवस्था समजावून सांगितली, आणि मी शपथेवर सांगतो की इतकं सुबोध व्याख्यान मी कुठल्या व्याख्यानमालेतही ऐकलेलं नाही. टर्बो म्हणजे काय, तर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूनंच एक चक्र फिरवायचं आणि त्या चक्रानं जास्तीची हवा इंजिनात कोंबायची. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या इंजिनिअरनं १९०५ सालीच याचं पेटंट घेतलं होतं. टर्बो लावलेली डिझेलची मोटरगाडी बाजारात यायला मात्र १९७८ साल उजाडलं, आणि तीही मर्सिडीज. चक्र मिनिटाला लाखावर फेरे घेतं. पण नुसती हवा येऊन भागत नाही. हवा जास्त आली आहे हे पंपाला कळायला हवं. कळलं तर तो डिझेल जास्त देणार. त्यासाठी पंपाच्या डोक्यावर एक टोपी असते. टोपीत एक पडदा, पडद्याखाली स्प्रिंग आणि एक निमुळती होत गेलेली पिन. टर्बोची हवा त्या रबरी नळीतून येऊन पडद्यावर दाब देते, पिन खाली सरकते, तिच्या उतारावर टेकलेला लिव्हर हलतो आणि तेवढ्याच मापानं डिझेल वाढतं. हवा उतरली की स्प्रिंग पिनला वर घेते आणि डिझेल कमी होतं.

“म्हनजे टर्बो बोंबलतंय, हवा आली, हवा आली,” नाना म्हणाले. “आनि पंपाला ऐकाला येत नाय. त्याला वाटतं, गरिबी हाय, जपून खर्च करू. मंग गारी घाटात मरते. पंप चांगला, टर्बो चांगला. मधली नली फाटली.”

“आणि त्या मेकॅनिकनं—”

“त्यानं बहिऱ्याला मोठ्यानं शिवी दिली. हवा असो, नसो, टाक डिझेल! मंग धूर नाय येनार तर काय अगरबत्तीचा वास येनार?”

नानांनी सायकलचा पंप आणि घड्याळ लावून तो पडदा तपासला. दाब धरून होता, पडदा शाबूत. नवी नळी आणि दोन क्लिपा यांचा खर्च एका सिनेमाच्या तिकिटात बसला. मी म्हटलं, एकदा चालवून तर बघू. नाना शेजारी बसले आणि आम्ही नाक्याजवळच्या उड्डाणपुलावर गेलो. तळवलीच्या मिस्त्रींचा खंडाळा, खंबाटकी, कसारा जे काही आहे ते हाच पूल. चढ लागला, टर्बोची शीळ ऐकू आली, आणि अहो, गाडी अशी सुटली की माझा चष्मा नाकावरून कपाळावर गेला! ऐकायला लागलेला पंप आणि वर तो अर्धा आटा. साठीतल्या माणसाला असं सुख एकदम देऊ नये.

“नाना, राहू द्या असंच!” मी ओरडलो.

“मागं बगा,” नाना म्हणाले.

मी बघितलं नाही. मला माहीत होतं.

शेडपाशी आल्यावर नानांनी हिशेब समोर ठेवला. असंच ठेवलं तर गाडी पळेल. पण जास्तीचं डिझेल धूर होऊन जाईल, आतली उष्णता वाढेल आणि टर्बो, पिस्टन यांना ती एक दिवस भोवेल. दुरुस्त करायचं तर अंदाजानं स्क्रू मागं घेऊन चालणार नाही, कारण मूळ खूणच पुसली गेली आहे. पंप उतरवायचा, बेंचवर लावायचा, मोजून डिझेल बांधायचं. दीड दिवस लागेल, आणि खर्च नळीच्या कित्येक पट.

मी भाजीवालीशी घालतो तशी घासाघीस सुरू केली. “नाना, अर्धा नको. पाव आटा तरी जास्त ठेवा.”

नानांनी चष्मा काढला. “डिझेल पाव आटा जास्त देतो की. माजं काय जातंय? पन पाव आटा जास्तीची हवा तुमी कुठून आननार?”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. एक लिटर डिझेल पुरतं जळायला निदान दहा घनमीटर हवा लागते, हे मी दोन रात्री वाचून पाठ केलं होतं. आमच्या सिडकोच्या घरातली न्हाणी छतापर्यंत हवेनं भरली की साधारण तेवढी होते. म्हणजे मी दर लिटरमागं एक न्हाणी हवा मागतो, आणि ती कमी पडली की उरलेलं न जळलेलं काळं बिल मागच्या सायकलवाल्याच्या नाकावर पाठवतो. “बेंचवर लावा,” मी म्हटलं. तेवढ्यावर नानांनी पोऱ्याला माझ्यासाठी चहा सांगितला. तोवर मी गिऱ्हाईक होतो.

बेंच म्हणजे मोटरवर पंप फिरवायचं यंत्र. समोर काचेच्या चार नळ्या, चार सिलिंडरांसाठी चार नोझलांतून उडालेलं डिझेल त्यांत साठतं. फवारे मोजायचे आणि नळीत किती भरलं ते वाचायचं. गाडी तीन हजार फेऱ्यांवर असते तेव्हा हा एवढासा पंप सेकंदाला शंभर फवारे सोडतो, आणि एकेक फवारा पाण्याच्या थेंबाहून लहान. नाना स्क्रू एवढासा फिरवत, यंत्र चालवत, नळ्या डोळ्यांच्या रेषेत आणून बघत, ओतून टाकत, पुन्हा पहिल्यापासून. चार भावंडांना दूध वाटताना आई पेले एका ओळीत ठेवून खाली वाकून बघायची, ते मला आठवलं. टोपीला हवेचा दाब देऊन त्यांनी जास्तीचं मापही असंच बांधलं. दाब नाही तर एवढं, दाब आला तर तेवढं.

“शिकलात कुठं हे?” मी विचारलं.

“शिकतो कुठं? आमची जमीन गेली. जिथं माजा बापूस भात लावाचा तिथंच मी नोझल लावतो.” मग थोडं थांबून, बाहेर रस्त्याकडं बघत म्हणाले, “यो सगला धूर आमच्याच गावावर येतो, साहेब. म्हनून मी मोजून देतो.”

दुसऱ्या दिवशी पंप परत चढला. डायल लावून टाइमिंग जुळवलं, लॉकनट आवळला आणि नानांनी स्वतःच्या हातानं नवं सील ठोकलं. ठोकताना माझ्याकडं अशा काही नजरेनं पाहिलं की त्या सीलवर माझंही नाव आहे असं मला वाटलं. पीयूसीचा आकडा आला १.६. मागल्या वेळचा तो माणूस जरा हिरमुसला.

घरी येऊन मी हिला सगळं सांगितलं. “पाव आट्यावरून एवढं?” ती म्हणाली. तिनं ते बेकरीतलं समजून घेतलं असावं असं मला वाटलं. पण दोन मिनिटांनी पोळी लाटता लाटता म्हणाली, “तुमचंही तसंच होतं हो पोराशी फोनवर बोलताना. तो काय सांगतोय ते ऐकायचं नाही आणि सल्ले ओतत सुटायचं.”

मी काही बोललो नाही. पण त्या रविवारी चिरंजीवांचा फोन आला तेव्हा मी नोकरी, गुंतवणूक, झोपेच्या वेळा आणि कांद्याचे औषधी गुण यांतलं काहीही काढलं नाही. “कसं चाललंय?” एवढं विचारलं आणि गप्प राहिलो. पलीकडं बराच वेळ शांतता. मग तो बोलायला लागला तो वीस मिनिटं बोलत होता. फोन ठेवल्यावर हिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

दिवाळीनंतर पुन्हा साताऱ्याला जायचा योग आला. पुण्याला चिरंजीव गाडीत बसले. भंगाराचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. खंबाटकी तिसऱ्या गिअरमध्ये सुरू झाली आणि एका वळणावर दुसऱ्यात आली, पण पहिल्यात आली नाही. रॉकेट वगैरे काही नव्हतं. पुढं एक एसटी होती. तिला ओलांडायचा मोह झाला नाही असं म्हणणार नाही, पण मी तिच्या मागंच राहिलो.

“आज मला उतरावं लागणार नाही वाटतं,” ही म्हणाली.

मी आरशात पाहिलं. मागचा रस्ता पार खालच्या वळणापर्यंत स्वच्छ दिसत होता. एक पोरगा मोटरसायकलवर आमच्या मागोमाग येत होता, आणि त्याची कॉलर जिथं असायला हवी तिथंच होती.